प्रज्वलचा कावळा

कावळा शिवेना.

इंद्रायणीच्या घाटावर पत्रावळीत भाताचा पिंड, शेजारी प्रज्वलला आवडायचं म्हणून व्हेज मंचुरियन, आणि अर्धी चिखली लांब उभी राहून आभाळाकडं बघत होती. दहावा दिवस होता. श्रद्धांजलीची भाषणं उरकली होती. एका नेत्यानं तर प्रज्वलला 'भजनाची गोडी असलेला तरुण' करून टाकलं होतं. प्रज्वल गिटार वाजवायचा. सुमारच वाजवायचा, पण बँडचे सगळे स्पीकर त्याचे होते.

घाटाच्या तोंडाशी फ्लेक्स. काळा टी-शर्ट, खांद्यावर केस, हातात गिटार. 'महाराष्ट्राच्या रॉकचा तारा सत्ताविसाव्या वर्षी निखळला.' प्रज्वल एकोणतिसाचा होता. पण जगातले थोर रॉकवाले सत्ताविसाव्या वर्षीच जातात, असं ड्रम वाजवणाऱ्या सार्थकनं कुठंतरी वाचलं होतं. दोन वर्षांपायी मित्राचं नुकसान कशाला, म्हणून त्यानं ती परस्पर कमी केली. फोटो मात्र येत्या शनिवारच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवरचाच होता. तोच फ्लेक्स तळवड्याच्या चौकात बांधताना प्रज्वलचा हात वरच्या विजेच्या तारेला लागला होता.

ज्ञानेश मागं उभा होता. 'थर्ड शिफ्ट' या त्यांच्या बँडची गाणी तोच लिहायचा, तोच म्हणायचा, आणि उरलेल्या वेळात चाकणच्या कंपनीत पेंटशॉपला राबायचा. शनिवारी हिंजवडीत त्याचं गाणं ऐकायला मुंबईहून रेकॉर्डिंगवाले येणार होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. प्रज्वल गेल्यावर त्यानं कार्यक्रमाला 'मित्राच्या आठवणीत' अशी ओळ जोडली होती. आता कोणी रद्द करा म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब.

प्रज्वलचे वडील दादासाहेब पिंडापुढं गेले. हात जोडले. "पोरा, तुझ्या नावानं चौकात कमान बांधतो."

पिंपळावर दोन कावळे होते. ते बसून राहिले.

"बांधतो, आन वर दगडाची गिटार ठिवतो."

एका कावळ्यानं पंख झाडले आणि पलीकडच्या कंपनीच्या कॅन्टीनकडं निघून गेला.

सार्थक पुढं झाला. "भावा, तुझी बुलेट मी रोज धुणार. कुणाला हात लावू देणार नाही."

दुसराही गेला.

"जीव आडकलाय त्याचा कशात तरी," प्रज्वलची आत्या सोजराबाई म्हणाली. तिनं गर्दीवरनं नजर फिरवली, ती ज्ञानेशवर येऊन थांबली. "ए गानाऱ्या. हिकडं ये."

ज्ञानेश पुढं आला.

"शनवारी तू गानार हाईस म्हनं."

"त्याच्यासाठीच आहे, आत्या. त्याच्या आठवणीत."

"तो हितं उपाशी, आन तू तिथं गानार. त्येच खुपतंय त्याला. परत गानार न्हाई म्हन."

"आत्या, शनिवारचं तेवढं होऊ दे. मग..."

"बघा," सोजराबाई लोकांना म्हणाली. "मैतर."

"म्हण की राव," मागून कोणीतरी म्हणालं. "ऊन लागतंय."

मंडपातून बुंदीचा वास येत होता. दादासाहेबांनी ज्ञानेशच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढा एक शब्द दे बाबा. माणसं सकाळधरनं खोळंबलीत."

प्रज्वलची आई मघापासून पिंडाला हात जोडून उभी होती. ते जोडलेले हात तिनं तसेच ज्ञानेशकडं वळवले.

ज्ञानेश पिंडापाशी गेला आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," सोजराबाई म्हणाली. "त्याला ऐकू गेलं पायजे."

"प्रज्वल, मी परत कधी गाणार नाही."

घाटभर ऐकू गेलं. आवाज खरंच चांगला होता.

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ मोकळं. नदीवरून फेसाचा एक पांढरा गोळा तरंगत आला, पायरीला लागला आणि फुटला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं मोशीत दुसरा दहावा होता. त्यांनी पिशवीतून दर्भाच्या दोन काड्या काढल्या, गाठ मारून कावळा केला, आणि पिंडाला टेकवला. "शिवला. चला, पाणी द्या."

"हे चालतं?" ज्ञानेशनं विचारलं.

"शास्त्रात आहे. कावळा नाहीच आला, तर दर्भाचा."

"मग मघाशीच का नाही केलात?"

"आधी मंडळींना काय काय कबूल करायचं असतं," गुरुजी म्हणाले. "त्यांना बरं वाटतं."

दादासाहेब हळूच जवळ आले. "गुरुजी, मग ते कमानीचं?"

"ज्या शब्दावर शिवला, तो पाळायचा. त्याच्या आधीचे सुटले."

दादासाहेबांनी सुस्कारा सोडला. सार्थकनं बुलेटची किल्ली खिशात टाकली. मग सगळ्यांनी ज्ञानेशकडं बघितलं, अगदी मायेनं.

जेवायला त्याला दादासाहेबांनी आपल्या शेजारी बसवलं. शनिवारचा कार्यक्रम होणारच होता. आता तो प्रज्वलच्या नावाचा. गाणी मोबाईलवरून लावायची ठरली, फ्लेक्स हाच न्यायचा ठरला.

पंगत निम्म्यावर आली तेव्हा कावळा परतला. पिंडाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. फ्लेक्सवर, प्रज्वलच्या डोक्याच्या वर जाऊन बसला आणि चोच वासून ओरडायला लागला.

सोजराबाईनं ज्ञानेशच्या पानात बुंदीची मूठ टाकली आणि पदरानं डोळे पुसले.

"बघ," ती म्हणाली, "आता कसा मोकळा गातोय."