हसू घ्यायचं राहिलंय

कार्यक्रम संपला तरी दिवे विझेनात आणि दार उघडेना.

"कोणी उठायचं नाही," कानाला हेडफोन लावलेली मुलगी म्हणाली. "आता नुसतं तुमचं हसू घ्यायचं राहिलंय. विनोद नंतर जोडतो आम्ही."

काकू पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. ती जागा त्यांनीच भांडून मिळवली होती. टीव्हीवरच्या मालिकांची समीक्षा करायचा कार्यक्रम, आणि आज पाळी लेकीच्या मालिकेची. समीक्षा म्हणजे शाबासकीच असणार, असं धरून काकूंनी अख्ख्या गल्लीतल्या बायका बस करून आणल्या होत्या. वर बजावलंही होतं, "लेकीचं नाव निघालं की जीव खाऊन टाळ्या वाजवा."

नाव निघालं. लेक पडद्यावर आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून रडली. सूत्रसंचालकाने तेच रडणं एकदा हळू, एकदा जोरात, एकदा उलटं फिरवून दाखवलं. "डोळ्यांत टिपूस नाही, पण आवाज बघा. बाई रडतेय की नळातून हवा येतेय?" गल्ली पोट धरून हसली. काकूंची मात्र दातखीळ बसली ती बसलीच.

"हसा," हेडफोनवाली म्हणाली. सगळ्या हसल्या. "परत." परत हसल्या. मग ती काकूंसमोर येऊन उभी राहिली. "आजी, मधोमध तुमचा हा चेहरा. सगळं चित्र बिघडतंय."

"आजी तुझ्या घरी. मला कडेला बसव."

"आधीच्या चित्रणात तुम्ही इथे आहात. जागा बदलून कसं चालेल?"

"मग मी बाहेर जाते."

"मग रिकामी खुर्ची दिसेल."

काकूंनी आवाज खाली आणला. आयुष्यात कोणापुढे आणला नव्हता. "अगं, ती माझी पोटची पोर आहे."

मुलगी पाठ करून तोंडापुढच्या माइकात काहीतरी पुटपुटली, ऐकत राहिली. वळली तेव्हा तिची नजर काकूंच्या पायांवर होती.

"सर म्हणतात, मग तर तुमचं हसू हवंच. खाली पट्टी चालवू म्हणतात. 'खुद्द आईलाही हसू आवरेना' अशी."

नट्ट्यापट्ट्याचं हे काम लेकीच्या सासरी आधीच डोळ्यांत खुपत होतं. सासू, दीर, नणंद, सगळे रविवारी टीव्हीसमोर बसणार, आणि त्यांच्या मधे लेक.

"नाही हसणार," काकू म्हणाल्या. "काय करायचं ते करा."

कोणी काहीच केलं नाही. दार बंद राहिलं. दिव्यांनी डोकी तापली. बाहेर बसवाला हॉर्न वाजवायला लागला.

"काकू, बाळ शेजारी ठेवून आलेय हो," मागून कोणीतरी म्हणालं.

"माझी ड्युटी आहे दुपारची. आधीच साहेब टपून बसलाय."

धाकटी जाऊ शेजारीच होती. तिने काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊबाई, आपली पोर आहे, समजून घेईल. हसा ना एकदा. आणलंत तुम्हीच, आता सोडवाही तुम्हीच."

यातलं एकही वाक्य रागाचं नव्हतं. रागाला काकू पुरून उरल्या असत्या.

त्यांनी पदर सारखा केला. ओठांवरून जीभ फिरवली. घरादाराला, सुनांना, दारावर आलेल्या विक्रेत्यांना आजवर मारलेले सगळे टोमणे आठवून बघितले, एखाद्यावर तरी हसू येईल म्हणून. मग नुसतंच तोंड उघडलं.

पहिल्यांदा घोगरं आलं, मग सुटलं. मोठं, खणखणीत, छप्पर दणाणणारं हसू. कॅमेरा सरकत सरकत त्यांच्या पुढ्यात येऊन थांबला.

जाऊने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. बाळवालीने मान खाली घातली. मागच्या रांगेतलं हसू विरलं, त्यामागचंही विरलं. मघाशी पोट धरून हसलेली गल्ली चिडीचूप झाली.

"आता बाकीच्यांना काय झालं?" हेडफोनवाली दमलेल्या आवाजात म्हणाली. "परत घ्यावं लागणार सगळं."

काकूंना थांबा म्हणायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.