भिकुबाईचा ठसा

शहाऐंशी सालचं चोपड्याजवळचं नसबंदी शिबिर. "सिस्टर, माले ऑपरेशन नही करनं!" भिकुबाई किंचाळत होती. पण मला टार्गेट गाठायचं होतं. मी तिचं मनगट पिरगाळलं, हाड कटकन वाजलं. तिचा अंगठा शाईत बुडवून मी संमतीपत्रावर दाबला. त्या अंगठ्यावर विळ्याने कापल्याचा आडवा वण होता.

ती ऑपरेशनच्या टेबलावरच दगावली.

दुसऱ्या दिवशी शिबिरात आलेल्या सकीनाने राजीखुशीने अंगठा दिला. ठशात तोच आडवा वण उमटला. तिचा अंगठा पुसून पाहिला, तर साफ होता.

कमलबाईचंही तेच.

भर दुपारी चिडून मी स्वतःचा अंगठा कोऱ्या फॉर्मवर टेकवला. वण उमटला. हात उचलायला गेले, तोच मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. खोलीत मी एकटीच होते.

"मला नाही करायचं!" मी किंचाळले.

हाड कटकन वाजलं.