पिवळा मणी

९ मार्च २००३, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. दोनशे सत्त्याण्णव मणी ओवून मी विकराची, म्हणजे एका एन्झाइमची, प्रतिकृती पूर्ण केली. दोन सारखे गोळे, मध्ये एक खाच आणि खाचेत गंधकाचा एकच पिवळा मणी. शरीरात सायनाइड शिरले की विकर हे गंधक त्याला जोडतो आणि त्याचे विष उतरवतो.

आई चष्मा पुसत म्हणाली, "याच्यापायी डोक्याचे केस पांढरे केलेस. हे औषध तेव्हा निघालं असतं, तर तुझा दादा मुलाम्याच्या कारखान्यातल्या त्या सायनाइडच्या हौदाजवळून उठून घरी आला असता."

मी गप्प राहायला हवे होते.

"आई, हे औषध नाही. हा विकर प्रत्येकाच्या यकृतात असतोच."

"दादाच्याही?"

"दादाच्याही. विकर शेवटपर्यंत काम करत होता. त्याला गंधक तेवढं पुरलं नाही."

आईने खाचेतल्या पिवळ्या मण्यावर बोट ठेवले.

"ते बाहेरून देता येतं?"

"येतं. गंधक असलेल्या एका साध्या क्षाराचं इंजेक्शन असतं. कारखान्यात ठेवलेलं नव्हतं."

"किती लागलं असतं?"

"साडेबारा ग्रॅम."