वीतभर खाली

तिने खोडाजवळची माती उकरली आणि वीतभर खाली तिच्या बोटाला खोडात पाडलेलं भोक लागलं. तोंडावरचा मेणाचा बोळा काढल्यावर बोट सहज आत गेलं. बाहेर काढलं तर त्याला काळपट, चिकट पाणी लागलं होतं. त्याला तणनाशकासारखा उग्र वास होता.

चुलतभाऊ तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. सावली उरली नव्हती ना. या अकरा झाडांखाली तिचं लहानपण गेलं होतं. कायद्याने त्यांच्या फांदीलाही हात लावायची बंदी होती, प्रत्येकाच्या खोडावर क्रमांकाची पाटी होती. त्यांतली सात या एका हंगामात वाळली. गावाने हात वर केले. कुणी म्हणालं कीड लागली, कुणी म्हणालं वय झालं. रोगाने मेलेलं झाड तोडायला परवानगी मिळते, आणि ती देणारी वृक्ष अधिकारी म्हणजे तीच, याच गावची मुलगी. सातही झाडं रस्त्याकडेची होती आणि नेमकं त्यांच्याच मागे दुकानांचे गाळे बांधायचं घाटत होतं. झाडंही किती समजूतदार, नेमकी तीच मेली.

दुसऱ्या झाडाजवळही वीतभर खाली भोक. तिसऱ्याजवळही. तेवढंच तिरकं, तोंडाशी तसाच मेणाचा बोळा, त्यावर माती सारवलेली. तिला शिसारी आली. ज्या गावकऱ्यांना घरच्या भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यांच्या हातून इतकं नेटकं काम? कुणीतरी जाणकार यांना शिकवून गेला होता. त्या माणसाचं नाव तिला हवं होतं. नाव मिळालं तर गुन्हा नोंदवता येईल आणि उरलेली चार तरी वाचतील.

मागच्या वर्षीची सभा आठवून तिला आणखी चीड आली. झाडांना विष कसं घालतात आणि ते कसं ओळखायचं, हे तिने शाळेच्या मोठ्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं होतं. एरवी सभेकडे न फिरकणारी माणसं पुढे येऊन बसली होती. कित्येकांनी लिहून घेतलं. घरी गेल्यावर तिने काकूला किती कौतुकाने सांगितलं होतं, की आपलं गाव सुधारलं. आणि एवढं ऐकूनही एकालाही पाळत ठेवता आली नाही? सगळे मूग गिळून बसले?

ती उठली. रुमालाने बोटं पुसली, पण चिकटपणा जाईना.

"कुणी शिकवलं हे?" तिने विचारलं. "काकूने मला पोटच्या मुलीसारखं वाढवलं म्हणून तुला सोडीन, असं समजू नकोस."

चुलतभाऊ गोंधळला. त्याने मागे वळून पाहिलं, आसपास कुणी नाही याची खात्री केली. मग छत्री तिच्यावर आणखी झुकवली आणि हसला.

"कमाल करतेस ताई. वीतभर खाली, तिरकं, वर मेण, त्यावर माती, सगळं तूच तर सांगितलंस. तू सरकारी नोकरीत, उघड कसं बोलणार? आम्ही काय ते समजलो. आता शेजारच्या गावातले विचारतायत, त्यांच्याकडे सभा कधी घेतेस?"