थोरल्याचे नवे पद

आमच्या थोरल्याच्या कंपनीने निम्मी माणसे घरी बसवली आणि उरलेल्यांना नवी पदे वाटली. हा झाला ‘स्ट्रॅटेजिक इंटिग्रेशन एनेबलमेंट लीड’. विहीणबाईंना सांगताना माझी जीभ अडखळली.

“म्हणजे तू करतोस तरी काय?” मी थोरल्याला विचारले.

“आई, मलाही कळलेलं नाही गं.”

“मग उद्या साहेबांना सरळ विचार. आपल्या घराण्यात काम न कळता कुणी पगार घेतलेला नाही.”

दुसऱ्या संध्याकाळी तो घाम पुसत आला. “विचारलंच नाही. माझ्याआधी शेजारच्या टेबलावरचा आत गेला होता. त्याने आपलं काम छान समजावलं. साहेबांना ते समजलं, आणि त्यांनी ते दुसऱ्याला देऊन त्याला काढून टाकलं.”

 

मी चष्मा उतरवला आणि बजावले, “उद्या जा, आणि पदात आणखी दोन कठीण शब्द घालून घे.”