अपघाताचं वर्णन, कमाल शंभर शब्दांत

यांना पेन धरता येत नाही, म्हणून मी, यांची बायको, लिहिते आहे. हे पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवतात. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच तो खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्याने काम मंदावतं. म्हणून मुकादमांनी सगळ्यांना घरून कपड्यांचा चिमटा आणून एका बटणाच्या फटीत खोचायला सांगितलं, म्हणजे ते दाबलेलंच राहतं. आमचा निळा चिमटा मीच दोरीवरून काढून दिला. मंगळवारी यांचा उजवा हात आत पत्रा सरळ करत होता आणि डावा सवयीने बटणावर पडला. चार बोटं गेली. तपासणीचे साहेब आले तेव्हा एकाही प्रेसवर चिमटा नव्हता. मुकादमांनी आमचा चिमटा यांच्या डब्याच्या पिशवीतून परत पाठवला. आता दोरीवर बाराही चिमटे आहेत. कृपा करून मदत करावी.

खिडकीतल्या कारकुनाने पेनाच्या टोकाने शब्द मोजले. “एकशे चार. ताई, चार काढा, नाहीतर वरून अर्ज परत येतो.” मग हळूच म्हणाला, “मुकादमाचं वाक्यच गाळा ना. चिमटा तुमच्या घरचा. कशाला हात दाखवून अवलक्षण?” बाकावर बसलेला नवरा बँडेजकडे बघत म्हणाला, “दाखवायला हात तरी पुरता कुठे राहिलाय.” तिने पेन मागून घेतलं. ‘कृपा करून मदत करावी’ एवढं खोडलं आणि कागद आत सरकवला. “मोजा आता.”