तिसरी हाक

"नुमेरियस! अरे ए नुमेरियस! बाहेर ये आणि साक्ष दे!"

वोलेरोनं दारात उभं राहून आजची पहिली आरोळी ठोकली, तेव्हा नुमेरियस आत धान्याच्या रांजणामागे उकिडवा बसला होता. रोमच्या कायद्याचीच मुभा ती. साक्षीदार ऐन वेळी तोंड लपवून बसला, तर दिवसाआड त्याच्या दारात जाऊन खुशाल बोंब मारावी. तीनदा. दोनदा मारून झाली होती, आज शेवटची.

"आत आहे तो!" समोरची शेजारीण ओरडली. "सकाळी कोंबड्या सोडताना बघितलाय मी. तू ओरड रे, लाजायचं त्यानं!"

गल्लीत हशा पिकला. नुमेरियसचे कान तापले. उजवा जरा जास्तच.

वोलेरोनं बैल घेतला तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. पाच साक्षीदारांसमोर सौदा पक्का करायला तराजूवर तांब्याचा तुकडा वाजवून झाला आणि वोलेरोनं, साक्षीदार धरायच्या रीतीप्रमाणे, नुमेरियसच्या उजव्या कानाच्या पाळीला बोट लावलं. 'लक्षात ठेव,' म्हणाला. यानंही ऐटीत मान हलवली होती. आता विकणारा म्हणत होता, बैल मी विकलाच नाही, नांगरटीपुरता दिला होता. पाचांतले दोघं लढाईत गेले. दोघं विकणाऱ्याच्याच घरचे. उरला नुमेरियस. आणि विकणारे होते ओपितर धनी. यांच्याच आश्रयानं नुमेरियसचं घर तीन पिढ्या उभं होतं, यांच्याच कोठारातून त्याचं बियाणं येत होतं.

"जाताय का?" चुलीपाशी बसलेल्या पापिरियानं नवऱ्याला विचारलं. पलीकडे त्याचा आंधळा बाप शेंगा सोलत होता. तिन्ही दिवसांत म्हाताऱ्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"कसा जाऊ? धन्याविरुद्ध तोंड उघडू नये, ही बापजाद्यांची रीत आहे."

"मग त्या दिवशी कान कशाला पुढे केलात?"

नुमेरियसनं उजवा कान हातानं झाकला. त्याला स्वतःची शिसारी आली, पण पाय काही हलेनात. लाज माणसाला उभं करते म्हणतात. याला तिनं आणखीच खाली बसवलं.

ओरडून ओरडून बाहेर वोलेरोचा घसा बसला. त्याला खोकल्याची उबळ आली. पापिरिया उठली, मडक्यातलं पाणी घेतलं आणि सरळ दार उघडलं. उजेड रांजणापर्यंत आला तसं नुमेरियसनं अंग चोरलं.

"सुखी राहा, वहिनी," वोलेरो म्हणाला. गटागटा पाणी प्याला, तोंड पुसलं आणि ओल्या घशानं दुप्पट जोरात ओरडला, "ऐका हो, गल्लीतल्यांनो! नुमेरियस साक्षीला उभा राहिला आणि साक्षीच्या दिवशी पळाला! आजपासून याचा शब्द कुणी धरू नका! याच्यासाठीही कुणी साक्षीला उभं राहू नका!"

या वेळी कुणी हसलं नाही. शेजारीणही नाही.

मग वोलेरो दाराच्या अगदी जवळ आला असावा. आवाज एकदम साधा झाला, रोज बांधावर गप्पा मारताना असायचा तसा.

"उद्या धन्याची माणसं बैल नेतील रे, नुमेरियस. अर्धं रान नांगरायचं राहिलंय."

 मग बरोबर आणलेल्या बैलाला चुचकारल्याचा आवाज आला आणि दगडी रस्त्यावर खूर वाजत वाजत लांब गेले.

नुमेरियस रांजणामागून बाहेर आला. गुडघ्यांना लागलेली धूळ त्यानं झटकली. पापिरिया त्याच्याकडे न बघता चूल फुंकत होती. एकदाचं संपलं, असं तो मनाशी म्हणाला, पण ते त्यालाच पटेना.

म्हाताऱ्यानं शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. भिंत चाचपत चाचपत तो मुलाजवळ आला. त्याचे हात नुमेरियसच्या खांद्यावरून मानेवर आले, गालावर आले. शेवटी बोटांना उजवा कान सापडला. त्यानं पाळी चिमटीत धरली आणि नीट चाचपून पाहिली.

"आहे की जागेवर," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, कुणी कापून नेला."